आधी पांढरं ठरवायचं

आप्पांनी माझ्या चित्रावर मीठ टाकलं तो रविवार आठवला की मला आजही आधी रागच येतो. पवनेचा घाट होता तो. आठवडाभर ऑफिसमधून आल्यावर थोडा थोडा करून मी तो रंगवला होता. नदीचं पाणी एकसारखं निळं, कुठे ओघळ नाही, कुठे डाग नाही. मी मोठ्या कौतुकाने कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, "चांगलं हाय," म्हणाले, आणि माझ्याच बाटलीतलं पाणी माझ्या नदीवर ओतलं. वर जाड ब्रशने निळ्याचा एक फटकारा मारला आणि शर्टाच्या खिशातून खडेमीठ काढून त्यावर भुरभुरलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"चित्र निजलं हुतं," ते म्हणाले. "जागं केलं."

कागद वाळला तसा मिठाच्या प्रत्येक खड्याभोवती रंग फाकत गेला आणि ऊन पडल्यावर नदी चमकते तशी ती खरोखरच चमकायला लागली. हे कबूल करायला मला पुढे कित्येक महिने लागले. घरी जाऊन मी आईला सगळं सांगितलं, तेव्हा तिने त्यांचं नाव ठेवलं, "तुझा मीठवाला". आजही ती त्यांना तेच म्हणते.

मी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. प्रोग्रॅममध्ये अनपेक्षित काही घडत नाही ना, हे बघणं हे माझं काम, आणि स्वभावही तसाच. माझी पेन्सिल टोकदार असते, रंगांच्या ट्यूब ओळीने असतात. अशा बाईने आप्पांकडे शिकायला जायला नको होतं. पण रहाटणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची इमारत होती आणि गेटवर पत्र्याची पाटी होती: "वॉटरकलर शिकवतो. रविवार सकाळ. लहान मुलं नकोत." ही शेवटची ओळ वाचून मला वाटलं, माणूस गंभीर दिसतो.

आप्पा इथले मूळचे. जिथे आता त्यांची चार मजली इमारत उभी आहे तिथे त्यांनी लहानपणी गुरं वळली होती म्हणे, पण त्याबद्दल हळवं होऊन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "गुरं लाथा मारायची, भाडेकरू मारत न्हाईत," एवढंच म्हणायचे. सर म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणायचो. क्लास पार्किंगमध्ये भरायचा. भाडेकरूंच्या दुचाक्या भिंतीला लावून मध्ये सतरंजी अंथरलेली, आणि रस्त्याच्या बाजूच्या गाळ्यात पंक्चरचं दुकान. आम्ही रंगवत असताना तिकडे ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधणं चालू असायचं.

या दुकानातूनच आप्पांचा सगळा सरंजाम यायचा. चित्रकलेच्या दुकानातली महागडी बाटली मी आणली होती, कागदाचा एखादा भाग पांढरा राखायचा असेल तर त्यावर लावायचं द्रव्य. आप्पांनी तिचा वास घेतला, झाकण लावलं आणि दुकानातून पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणून माझ्यासमोर ठेवली. "ह्येच हाय त्ये. रबरच." काडेपेटीची काडी त्यात बुडवून कागदावर टिपके द्यायचे, ते वाळले की वरून हवा तसा रंग फासायचा, रंग वाळला की रबर बोटाने चोळून काढायचं. खाली कागद जसाच्या तसा पांढरा. तोपर्यंत मी पांढऱ्या जागा जीव मुठीत धरून चुकवत रंगवायचे. म्हणूनच माझी चित्रं इतकी घाबरलेली दिसायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी पांढरं ठरवायचं," हे त्यांचं पालुपद. "रंग काय, मागनं कसाबी लागतो. पांढरं येकदा हातनं गेलं की गेलं." आणि आमच्यापैकी कुणी एखादी गोष्ट अवघड म्हणून चित्रातून गाळली की ते कागदाच्या त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारायचे, "हितलं कुटं गेलं?"

बाकी त्यांच्या खिशात काय नसे! मेणबत्तीचे तुकडे, पॉलिश पेपर, घासून चपटा झालेला टूथब्रश, मक्याची कणसं भाजणाऱ्याकडून मागून आणलेला कोळसा, नातीचे तेलकट खडू. मेणाने आधी रेघ ओढून वरून रंग फिरवला की पावसाच्या सरी उमटायच्या. पॉलिश पेपरने वाळलेला रंग खरवडला की धूळ उठायची. टूथब्रशवर अंगठा फिरवून ते चिखल उडवायचे आणि तो चिखल समोरच्याच्या कपड्यांवरही उडायचा. एकदा एका नव्या आलेल्या बाईंच्या हातातला चहाचा कप त्यांनी काढून घेतला आणि उरलेला चहा बाईंच्याच चित्रातल्या भिंतीवर ओतला. बाई पुन्हा आल्या नाहीत. भिंत मात्र सुरेख जुनी दिसायला लागली होती.

नोकरीत असताना आप्पा एका कंपनीच्या सेफ्टी खात्यात पोस्टर काढायचे. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, वगैरे. एकदा प्रेस मशीनवर अपघात झाला, एका कामगाराचं बोट गेलं. आप्पांनी त्याचं पोस्टर केलं. जलरंगात हात, वर खऱ्या हातमोज्याचा फाटका तुकडा चिकटवलेला, आणि बाकीचं मी इथे लिहीत नाही. ते कॅन्टीनमध्ये लावलं आणि पहिल्या शिफ्टच्या लोकांनी ताटं तशीच सोडली. साहेबाने बोलावून सांगितलं, अहो, जरा हसरा कामगार काढा.

"मग काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हनलं, बोट गेल्यावं कोन हसतंय? तुमी हसून दावा, मी काढतो."

"आणि लोक हातमोजे घालायला लागले का?"

"त्ये काय म्हाईत न्हाई बाई. पर त्या दिशी भात लई उरला."

पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीने त्यांना एकदा क्लबहाउसमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. मी आणि क्लासमधले दोघे मदतीला होतो. चेअरमनसाहेबांची इच्छा अशी की आप्पांनी सोसायटीचं प्रवेशद्वार रंगवावं, ते लॉबीत लावू. आप्पा गेटसमोर खुर्ची टाकून बसले. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला, मागोमाग दुसरा. चित्र पूर्ण झालं तेव्हा त्यात कारंजं, नारळाची झाडं, इमारती हे सगळं फिक्या रंगात मागे होतं आणि पुढे तेलकट खडूने काढलेला लालभडक टँकर, त्यातून गळणारं पाणी मेणाने राखलेलं. लोक आधी हसले, मग चेअरमनसाहेबांकडे बघून गप्प झाले.

"हा कशाला घेतला?" ते म्हणाले.

"त्यो रोज येतो न्हवं?"

"येतो, पण..."

"मग त्यो ऱ्हातोच की हितं," आप्पा म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले. मी शरमेने पार वितळले होते. परतताना रिक्षात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्यांना ते कळलंही नाही.

माझ्या लग्नातही त्यांनी हेच केलं. लोक आहेर म्हणून पाकीट देतात. आप्पांनी चकचकीत कागदात गुंडाळून पंक्चरच्या सोल्युशनचा अख्खा डबा दिला. माझ्या सासूबाईंनी तो उघडला, वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला मांडवातच हसू फुटलं. पण त्या डब्याचा अर्थ मांडवात फक्त आम्हा दोघींना माहीत होता, मला आणि आईला.

तेच आता सांगते. आप्पांची आठवण निघाली की मी शेवटी तिथेच येऊन पोचते.

मी शाळेत असताना आईच्या ओठाच्या कडेला पहिला पांढरा ठिपका आला. कोड. मग पापण्या, बोटांची टोकं, हनुवटीच्या खाली. दुखत नाही, कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांनी सांगितलं, मी वाचून दाखवलं. पण लातूरकडे आमच्या गावी एका चुलत बहिणीच्या लग्नात आई नवरीला हळद लावायला पुढे झाली आणि घरातल्याच एका म्हातारीने तिचं मनगट धरून तिला बाजूला केलं. बोलली काही नाही, नुसतं बाजूला केलं. तेव्हापासून आई कुठल्याही लग्नात पुढे झाली नाही. फोटो काढायची वेळ आली की तिला नेमकं स्वयंपाकघरात काम निघायचं. आमच्या घरात आरसा एकच, कपाटाच्या दाराला आतून लावलेला. आई त्याच्यापुढे उभी राहायची नाही. केस अंदाजाने विंचरायची, टिकली बोटाने चाचपून लावायची, आणि ती कधी वाकडी लागायची नाही.

माझं लग्न ठरलं. सासरच्यांनी आईला पाहिलं होतं, तिच्या हातचं जेवले होते, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आईनेच जाहीर करून टाकलं की कन्यादानाला मामा-मामी बसतील.

"मी तुझ्याशिवाय पाटावर बसणार नाही," वडील म्हणाले.

"मग नका बसू," आई म्हणाली. "लोकांनी नवरी बघायची सोडून मलाच बघत बसायचं का? उगं नाट लावू नका."

मामीला फोन झाला, मामीने साडीही घेतली. मी रडले, भांडले, लग्नच नको म्हणाले. मला पाटावर माझी आई हवी होती, दुसरं काही नको होतं. आई जागची हलली नाही. उलट तिने मला एक काम सांगितलं. "तुझ्या घरी लावायला माझं एक चित्र काढ. डाग नकोत त्यात." फोटोत डाग येतात, चित्रात आपण काढले नाहीत तर येत नाहीत, असा तिचा सरळ हिशेब. धाकट्या भावाने एकदा मोबाइलच्या अ‍ॅपमधून तिचे डाग काढले होते, पण अ‍ॅपने तिला अशी गोरीपान केली की तिने फोन उलटा ठेवला होता. चित्रात तरी रंग तिचाच राहील.

मी काढलं. पुन्हा काढलं. नाक तेच, डोळे तेच, सावळा रंग अगदी जुळवून लावलेला, आणि तरी ती आई नव्हती. शेवटी कागद घेऊन आप्पांकडे गेले.

"कोन ही?"

"आई माझी."

"आजारी असती का?"

"नाही."

"मग अशी काय? निजलीया पार."

मी त्यांना सगळं सांगितलं. मामीच्या साडीपर्यंत सगळं. आप्पा ट्यूबचं झाकण उघडझाप करत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी येतो बघाय." मी म्हटलं, अजिबात नको. हात जोडले. आई परक्या माणसापुढे येतच नाही, असंही सांगितलं. "बरं," ते म्हणाले.

आणि पुढच्या रविवारी दुपारी दारात उभे. वडील चाकणला कामावर, त्यांच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. घरात मी आणि आई. आई भाकरी थापत होती. तिने पदर ओढून तोंड भिंतीकडे केलं. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ताई, तुमचं काम चालू द्या," आप्पा म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडी घालून बसले. माझा चांगला हँडमेड कागद त्यांनी मांडीवर घेतला. मला वाटलं, आता पेन्सिल काढतील. त्यांनी सोल्युशनची ट्यूब काढली. भाकरी उलटायला आईला वळावंच लागायचं आणि ती वळली की आप्पा बघायचे, नजर न चोरता, मशीन बघावं तसे. काडी बुडवायची, कागदावर टेकवायची. रेघ नाही, आकार नाही, रंगाचा थेंब नाही. दोन भाकऱ्या होईपर्यंत त्यांचं झालं. कागद त्यांनी जमिनीवर ठेवला.

आई त्यांना पाणी द्यायला उठली. कितीही राग आला तरी आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय तिला राहवत नाही. तांब्या घेऊन ती कागदापाशी आली आणि थांबली. मीही वाकून पाहिलं.

कोऱ्या कागदावर पिवळट रबराचे काही ठिपके होते. वर दोन, पापण्यांचे. खाली ओठांभोवती तुटकं कडं. त्याखाली एक मोठा. आणि कोपऱ्यात, भाकरीवर टेकलेल्या बोटांची पाच टोकं. दुसरं काहीच नाही. नाक नाही, डोळे नाहीत, केस नाहीत. आणि ती आई होती. मी इतके दिवस मेहनत करून जिला आणू शकले नव्हते ती त्या एवढ्याशा ठिपक्यांत बसलेली होती, आणि जे काढू नकोस म्हणून तिने बजावलं होतं तेवढंच नेमकं या माणसाने काढलं होतं.

आईने तांब्या खाली ठेवला. "बाहेर व्हा," ती म्हणाली.

"व्हय, जातो." आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. चपला घालताना माझ्याकडे वळून म्हणाले, "ऊन लई हाय. चार दिसात रंग लाव आन् रबर काढून टाक. न्हाईतर कागदात मुरंल. मग निघायचं न्हाई, कागद फाटंल." आणि गेले. क्षमा नाही, काही नाही.

मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की क्लासला पुन्हा जायचं नाही असं ठरवून टाकलं. आईसमोरून तो कागद उचलून मी फ्रिजवर, डब्यांच्या मागे ठेवला. आई त्याबद्दल बोलली नाही. त्या दिवशी ती जेवलीही नाही. मला वाटलं, मी ऑफिसला गेले की ती तो फाडून कचऱ्यात टाकेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले तर कागद फ्रिजवर नव्हता. तो माठाशेजारच्या फळीवर होता, घरातल्या सगळ्यात थंड जागी, वर स्वच्छ फडकं टाकलेलं.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी घरून काम करत होते. वडील भाजी आणायला गेलेले. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "तो म्हणला तसं खरंच फाटंल का गं?"

"फाटेल."

"मग बघत काय बसलीस? लाव की रंग."

ती समोर बसली, खिडकीच्या उजेडात, पदर खांद्यावर. आईला पहिल्यांदाच मी न घाबरता रंगवलं. पांढरं सगळं रबराखाली सुखरूप होतं, चुकवायचं काही नव्हतंच. तपकिरी, जांभळा, थोडी हळद, डोळ्यांना आईच्याच डबीतलं काजळ. ब्रश कपाळावरून हनुवटीपर्यंत मोकळा फिरला. साडीवर मी स्वतःच्या हाताने मीठ टाकलं. काठ भावाच्या जुन्या तेलकट खडूने काढले. आई एकदाच म्हणाली, "हात बघ तुझे."

कागद वाळल्यावर मी रबर चोळायला घेतलं.

"दे इकडं," आई म्हणाली. "नव्या भांड्याचं स्टिकर काढायची सवय आहे मला."

ती अंगठ्याने हळूहळू चोळायला लागली. रबराच्या मळक्या वळ्या होऊन गळायच्या आणि खालून पांढराशुभ्र कागद निघायचा. एक पापणी निघाली. दुसरी निघाली. ओठांभोवतीचं कडं निघालं आणि त्या क्षणी चित्रातली बाई बोलेल की काय असं झालं. हनुवटीखालचा मोठा ठिपका निघाला आणि आईचा अंगठा थांबला.

"हे चुकलंय त्याचं," ती म्हणाली. "एवढा मोठा नाही माझा. बारका आहे, चिंचोक्याएवढा."

"असेल," मी म्हटलं.

"असेल काय? माझा मला ठावा नाही का?"

ती उठली. मला वाटलं, हात धुवायला चालली. ती कपाटापाशी गेली आणि तिने दार उघडलं. पदर बाजूला केला, मान वर केली आणि आरशात बघत उभी राहिली. मी तिला पाठमोरीच बघत होते. किती वेळ ती तशीच उभी होती. मग तिने हनुवटीखाली बोट फिरवलं, कडेकडेने, पूर्ण गोल.

"वाढलाय की गं," ती म्हणाली. "मला कळलंच नाही."

मला मोठ्याने रडायचं होतं. आई मात्र रडली नाही. तिने टिकली काढली, आरशात बघून पुन्हा लावली, दार लोटलं आणि परत येऊन खाली बसली. राहिलेल्या पाच बोटांवरचं रबर तिने एकेक करून काढलं, वळ्या गोळा करून माझ्या हातात दिल्या.

"मामीला फोन लाव," ती म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"पाटावर मी बसणार आहे म्हणावं. तू नुसती जेवायला ये."